तिच्या अंघोळीचा पाट

मी पाट बोलतोय. खरं म्हणजे मला चार आखूड पाय आहेत, तेव्हा चौरंग म्हणायला हवं. पण शुभाताईंनी पहिल्याच दिवशी मला बघून ‘हा तर आपला अंघोळीचा पाट’ म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं. माझी उंची जेमतेम दीड वीत. एवढ्याशा उंचीवरून माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. दिसतात पाय, पोटऱ्या आणि पाठ. त्यामुळे मला माणसं पाठीवरून कळतात. तुम्ही हसाल, पण पाठीला खोटं बोलता येत नाही.

सध्या माझा मुक्काम जर्मनीत, येना गावात, एका इमारतीच्या तळघरात आहे. इथे तळघराला केलर म्हणतात. माझ्या एका बाजूला गाडीचे हिवाळी टायर आहेत, दुसऱ्या बाजूला ओवीला लहान झालेली सायकल. मराठी कुठे शिकलास म्हणाल, तर याच घरात. ऐकणं सोडून मला दुसरं काम तरी काय होतं?

जन्म माझा जपानमधला. डोंगरातल्या एका खेड्यात गरम पाण्याच्या झऱ्यावर एक जुनी लाकडी सराई आहे. अशा सराईला तिकडे रियोकान म्हणतात. हिनोकी नावाच्या सुवासिक झाडाचं लाकूड मालकिणीच्या भावानं कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि आम्ही डझनभर भावंडं तयार झालो. खिळा एकाच्याही अंगात नाही. पाणी पडलं की आमच्या अंगाचा वास सुटतो. कोरडं ठेवलं तर आम्ही आतून तडकतो.

तिथली रीत साधी होती. पाहुण्यांनी बूट दारात काढायचे, सराईचा सुती झगा अंगात घालायचा, चटईवर जेवायचं, चटईवरच गादी घालून झोपायचं. आणि अंघोळीला आलं की आधी आमच्यावर बसून, छोट्या लाकडी बादलीतलं पाणी अंगावर घेऊन, घासून स्वच्छ व्हायचं. मग ऊन पाण्याच्या कुंडात उतरून नुसतं बसून राहायचं. कुंडात मळ न्यायचा नाही, बोलायचं तर हळू. मला ते फार आवडायचं. दिवसाला पंधरा-वीस पाठी बघायचो आणि सगळ्या पाठी शेवटी सैल होऊनच परत जायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिथे एक मराठी कुटुंब आलं. मयुरेश येनातल्या एका संस्थेत भिंगांवर संशोधन करतो. त्याची जपानमध्ये परिषद होती. त्यानं बायकोला, विभावरीला, आणि नऊ वर्षांच्या ओवीला बरोबर आणलं, आणि पुण्याहून आईवडिलांनाही बोलावून घेतलं. चार दिवस सराईत राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून जर्मनीला जायचं, असा बेत. वडील दिनकरराव, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आई शुभाताई. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

दिनकरराव पहिल्याच संध्याकाळी पुरुषांच्या कुंडात बसून आले आणि वज्रेश्वरीला झक मारायला लावेल असं पाणी आहे म्हणून सांगत सुटले. शुभाताई मात्र बायकांच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत यायच्या, आतल्या उघड्या बायका बघायच्या आणि तशाच मागे फिरायच्या. विभावरीनं समजावलं की आई, इथे कोणी कोणाकडे बघत नाही. त्या म्हणाल्या, मी बघते ना. जेवणाच्या वेळी गरम भातावर पुण्याहून आणलेलं मेतकूट घालून खायच्या आणि गुडघा दुखतो म्हणून खोलीत बसून राहायच्या.

मालकीण सत्तरीची, कमी बोलणारी. तिला मराठी येत नव्हतं, इंग्रजीही नाही. पण दोन दिवस या बाईंचा टॉवेल कोरडाच टांगलेला आहे हे तिच्या लक्षात आलं. पाहुणा झऱ्यावर येऊन न न्हाता परत जाणं हा तिला स्वतःचा कमीपणा वाटला असावा. तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं मागच्या बाजूचं छोटं, घरच्यांसाठीचं न्हाणीघर उघडलं, मला उचलून तिथे नेलं आणि नवराबायकोला हातानं खूण केली की आत जा, दार लावून घ्या.

ती पहाट नरकचतुर्दशीची होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात शुभाताई या दिवशी सगळ्यांच्या आधी उठल्या होत्या. नवऱ्याला तेल, मुलाला तेल, दोघांना उटणं. स्वतः मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर, वाटीत उरलं असेल त्यात, घाईघाईनं. उटण्याची पुडी त्यांनी इथेही आणली होती. त्यांनी मला मध्ये ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, बसा.

दिनकरराव बसले नाहीत. म्हणाले, “आज तू बस.”

“अहो, काहीतरीच काय.”

“बस म्हणतो ना. इथे कोण बघतंय?”

त्या बसल्या. पाठ इतकी आक्रसलेली होती की माझ्यावर भार असा पडलाच नाही. दिनकररावांनी पाणी घातलं, उटणं लावलं, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. हात सवयीचे नव्हते. एकाच जागी जास्त चोळायचे, दुसरी जागा विसरायचे. शुभाताई आधी हसल्या. मग लग्न झाल्यापासून आपल्या पाठीला कोणी हात लावून न्हाऊ घातलं नव्हतं, शेवटचं आईनं घातलं होतं, असं त्यांनी हळूच सांगितलं. तेव्हा मला त्यांचा पुरता भार लागला. बरा वजनदार होता. कुंडात पाय घालण्याआधी त्यांनी उटण्याचा कण न् कण धुवायला लावला, त्या बाईंचं पाणी खराब व्हायला नको म्हणून.

निघताना दिनकररावांनी मुलाकरवी मला विकत मागितलं. मालकिणीनं मला एका निळ्या कापडात बांधलं आणि तसंच त्यांच्या हातात दिलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही. असा मी जर्मनीत आलो.

येनातलं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच सकाळी दिनकररावांनी मला बाथरूमच्या फरशीवर ठेवलं, बादली भरली, आणि दोघांनी आळीपाळीनं पुण्यासारखी ऐसपैस अंघोळ केली. पाणी कुठे जातंय हे कोणी बघितलंच नाही. इथल्या बाथरूमच्या जमिनीला ना उतार असतो ना मोरी. जी काय अंघोळ ती टबात, पडदा ओढून. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी पोहोचवलेल्या माणसाला ही साधी गोष्ट दिसू नये, याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी घराची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेन्चेल, म्हणजे हेन्चेलबाई, यांच्या बाथरूमच्या छताला तपकिरी डाग पडला होता.

मयुरेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त शरमला. त्यानं त्याच दिवशी माफीची मेल लिहिली, विम्याला कळवलं, रंगारी बोलावला. सगळं नियमाप्रमाणे आणि वेळेवर. केलं नाही ते एकच. सोळा पायऱ्या उतरून तो फ्राऊ हेन्चेलच्या दारात कधी गेला नाही. जिन्यात त्या दिसल्या की घरातले सगळे खाली मान घालून गुटन टाग म्हणत आणि पाय उचलत. मला शुभाताईंच्या पलंगाशी ठेवलं गेलं, बसल्यावर पाय टेकायला.

डिसेंबरात शुभाताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. इस्पितळातून तीन आठवड्यांनी घरी आल्या तेव्हा तोंड वाकडं झालेलं, शब्द अडकत येणारे. डॉक्टरांनी विमानप्रवास नको असं लिहून दिलं, परदेशी लोकांच्या कचेरीनं मुक्कामाची मुदत वाढवून दिली. आठवड्यातून तीनदा नर्स यायची. चांगली होती, हसतमुख. दोन वाडगे पाणी आणि दोन छोटे टॉवेल घेऊन ती पलंगावरच शुभाताईंचं अंग पुसून द्यायची. आधी वरचं अंग, मग खालचं. वीस मिनिटांत काम चोख. बाकीच्या दिवशी विभावरी तसंच पुसायची.

एके दिवशी नर्स गेल्यावर शुभाताई नवऱ्याला म्हणाल्या, “टेबल पुसतात... तसं पुसतात मला. अंगावर पाणी घाला.”

त्यानंतर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. घरी पुण्याला न्या म्हणाल्या नाहीत, औषध बदला म्हणाल्या नाहीत. रोज सकाळी तेवढंच. डोक्यावरून एकदा पाणी घाला.

टबाची कड उंच, आणि त्यांचा पाय वीतभरही उचलला जात नव्हता. दिनकररावांनी मुलाला सांगितलं, जमिनीवर पाटावर बसवतो, एक बादली, पाच मिनिटं. मयुरेश संगणकावरून उठून आला, वडिलांच्या शेजारी बसला आणि शांतपणे म्हणाला, “बाबा, टबात बसवायची लिफ्ट असते, ती मी मागवलीय. दोन आठवड्यांत येईल. परत खाली पाणी गेलं तर हे लोक घर सोडायला लावतील. मग आईला घेऊन कुठे जाऊ?”

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच, पण तहानलेल्याला विहीर किती नियमशीर खणताहेत याचं काय कौतुक?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी घरी दोघंच होते. दिनकररावांनी घरातले सगळे टॉवेल गोळा करून बाथरूमच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या कडेनं अंथरले. मला मधोमध ठेवलं. बादलीत ऊन पाणी, आणि स्वयंपाकघरातला मापाचा जग. शुभाताईंना धरून, एकेक पाऊल टाकत आणलं आणि माझ्यावर बसवलं.

मी त्यांना पाठीवरून ओळखलं, भारावरून ओळखलं नसतं. निम्म्या राहिल्या होत्या. उजव्या बाजूनं कलंडत होत्या, म्हणून दिनकररावांनी आपला गुडघा त्यांना टेकू म्हणून लावला होता.

पहिला जग पायांवर. शुभाताईंनी डोळे मिटले असावेत, कारण दिनकरराव म्हणाले, “बरं वाटतंय ना?” दुसरा मांडीवर. पाणी माझ्या अंगावरून खाली आलं आणि माझा वास सुटला. घरात इतक्या महिन्यांनी मला मी असल्यासारखं वाटलं. पाणी सरकत टॉवेलपर्यंत गेलं. टॉवेल भिजला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर दार आपटलं. कोणीतरी खोकलं.

चोराच्या मनात चांदणं. दिनकररावांचा जग धरलेला हात तसाच वर राहिला. मी त्या हाताकडे बघत होतो. घाल, घाल, मी म्हणत होतो. आमचं कोण ऐकतं?

“बास आज, शुभा,” ते म्हणाले.

“डोक्यावर?”

“पुढच्या आठवड्यात. लिफ्ट येतेय.”

 शुभाताईंनी डावा हात बादलीच्या काठावर ठेवला होता, तो लगेच काढला नाही. दिनकररावांनी त्यांना कोरडं केलं, कपडे घातले, पलंगावर नेऊन निजवलं. मग परत आले आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागले. थेंब राहिला नव्हता तरी पुसत होते. त्यांची पाठ मी जपानमध्ये ताठ बघितली होती. त्या दुपारी ती हुंदक्यांनी हलत होती.

लिफ्ट आली. टबाच्या रुंदीला बसेना. मयुरेशनं ती परत पाठवली आणि योग्य मापाची मागवली. ती यायच्या आधीच, एका गुरुवारी सकाळी, विभावरी चहा घेऊन गेली तेव्हा शुभाताई उठल्या नाहीत.

अंत्यविधीचं बघणारी एक तरुण बाई घरी आली. तिनं हळू आवाजात विचारलं की घरच्यांना स्वतः स्नान घालायचं आहे का. आमच्या जागेत सोय आहे, पण हल्ली बहुतेक लोक नको म्हणतात. दिनकरराव हो म्हणाले. खोलीत गेले आणि मला काखेत मारून बाहेर आले. विभावरीनं विचारलं, बाबा, पाट कशाला? त्यांनी मला आणखी घट्ट धरलं. तिनं मग मला त्यांच्याकडून घेतलं आणि स्वतः उचललं.

पांढऱ्या फरशांची खोली. मध्ये लांब पोलादी टेबल, त्यावर शुभाताई. मला टेबलाच्या पायाशी ठेवलं. दिनकरराव बायकोकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघत राहिले. जमीन चारी बाजूंनी मधोमध उतरती होती आणि मध्ये पाणी जायला जाळी होती.

“उतार आहे,” ते म्हणाले.

त्या तरुण बाईला वाटलं त्यांना काही हवंय. ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मयुरेशनं भिंतीकडे बघत भाषांतर केलं, “हवं तेवढं पाणी वापरा म्हणतेय.”

पाणी ऊन आहे ना हे त्यांनी दोनदा हात घालून बघितलं. गार पाणी तिला चालत नाही, म्हणाले. मग डोक्यावरून पाणी घातलं. पहिला तांब्या, दुसरा, तिसरा. पाचव्या-सहाव्याला थांबले आणि दाराशी उभ्या मुलाला म्हणाले, “ये. आईच्या पाठीला हात लाव.”

मयुरेश आला. आईला कुशीवर वळवून त्यानं पाठीवरून हात फिरवला, आणि जो पत्रं, मेल, फॉर्म यांच्यात तीन महिने उभा होता तो तिथे जमिनीवर बसला. नुसता आई, आई म्हणत होता. पाणी टेबलावरून माझ्या अंगावर पडत होतं आणि माझ्या पायांमधून जाळीकडे जात होतं. खूप पाणी होतं. माझ्यावर कोणी बसलं नाही.

चौदा-पंधरा दिवसांनी दाराची बेल वाजली. मी तेव्हा बुटांच्या कपाटाशी होतो, तिथून स्वयंपाकघर दिसतं. दारात फ्राऊ हेन्चेल, हातात पांढऱ्या फुलांची कुंडी. त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. मयुरेशनं बसल्या बसल्या पुन्हा त्या छताबद्दल माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानं ते झटकलं आणि आईंना काय झालं होतं ते विचारलं. मयुरेश आजाराचं सांगायला लागला. ओवी मध्येच जर्मनमध्ये बोलायला लागली; तिचं जर्मन रोज ऐकून मला थोडं कळतं. मुलंच ती, झाकपाक त्यांना जमत नाही. आजीला डोक्यावरून अंघोळ हवी होती, आजोबांना घालायची होती, पण तुमच्याकडे पाणी येईल म्हणून घातली नाही. सगळं सांगून टाकलं.

 मग फ्राऊ हेन्चेल अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

दिनकररावांनी मुलाला विचारलं, काय म्हणाल्या? मयुरेशनं तोंड फिरवलं. विभावरी ओट्याकडे वळली. ओवीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. त्या दिवशी मात्र आजोबांना कळावं म्हणून शब्द शोधत शोधत ती म्हणाली, “आजोबा, ती म्हणते, मला का नाही विचारलं? मी खाली बादली ठेवली असती. तिनं तिच्या आईला पण अशीच अंघोळ घातली होती.”

दिनकरराव त्या बाईंकडे बघत राहिले. मग नातीला म्हणाले, “त्यांना म्हणावं, आम्ही भ्यालो.”

ओवीनं ते सांगितलं. फ्राऊ हेन्चेलनी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघं म्हातारी माणसं एकमेकांची भाषा येत नसताना तशीच बसून राहिली.

एप्रिलमध्ये दिनकरराव पुण्याला गेले. मयुरेश मला त्यांच्या सामानात भरायला लागला तर म्हणाले, राहू दे, मला बघवणार नाही. म्हणून मी केलरमध्ये आलो. उजव्या बाजूला मला उभी चीर गेली आहे. वास राहिला नाही. कपडे धुवायची यंत्रंही इथेच आहेत. मयुरेश कपडे लावायला येतो तेव्हा कधी कधी माझ्यावर बसतो, आणि यंत्र थांबल्यावरही उठत नाही. त्याची पाठ अगदी त्याच्या आईसारखी आहे, पूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याचा राग मला येत नाही. त्यानं काही वाईट केलं नाही, फक्त सगळं व्यवस्थित केलं.

मी लाकूड. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. चीर वाढेल, एखाद्या वर्षी हे लोक घर बदलतील आणि मला जुन्या सामानाच्या ढिगावर ठेवतील, ते ठीक आहे. पण तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं माणूस अंगावर पाणी घाला म्हणत असेल, तर आज दुपारी खाली जा आणि शेजाऱ्यांना विचारा. नसतील घरी, तर न विचारता घाला. आधी डोक्यावरून घाला. फरशी मागाहून पुसता येते.